अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याचं ऑपरेशन: पहिल्या रात्रीपासून चिमटीत जोर येईपर्यंत

अंगठा मनगटाला जिथे जोडलेला असतो, तिथे खोगिराच्या आकाराचा एक छोटा सांधा आहे. खाली ट्रॅपेझियम नावाचं सुपारीएवढं हाड आणि त्यावर स्वार झालेलं अंगठ्याचं लांब हाड. या खोगिरामुळेच अंगठा चारही बोटांसमोर येऊ शकतो आणि गोल फिरू शकतो. त्याची किंमतही याच सांध्याला मोजावी लागते. चिमटीत टोकाशी १ किलोचा दाब दिला, तर मुळाशी सुमारे १२ किलोचा दाब पोचतो. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते, हाडावर हाड घासतं आणि शेवटी ऑपरेशनची वेळ येते.

हा १२ पटींचा हिशेब लक्षात ठेवा. पुढच्या तीन महिन्यांतले जवळजवळ सगळे नियम त्यातूनच निघतात. नुसता अंगठा हलवल्यानं मुळावर फार भार येत नाही, चिमटीत काहीतरी घट्ट धरल्यानं येतो. म्हणून बरं होण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी मुळाला शांतता, मग हालचालीची रुंदी आणि सगळ्यात शेवटी जोर. हा क्रम उलटवणाऱ्यांनाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

तुमचं नेमकं कोणतं ऑपरेशन आहे?

हे सर्जनकडून लिहून घ्या, कारण सगळं वेळापत्रक त्यावर ठरतं. सर्वांत जास्त केलं जाणारं ऑपरेशन म्हणजे ट्रॅपेझियम काढून टाकणं. बरेचदा मनगटाजवळच्या एका कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा, भाग वापरून अंगठ्याच्या हाडाला आधार दिला जातो. उरलेली कंडरा गुंडाळून रिकाम्या जागेत भरतात. काही सर्जन कंडरेऐवजी मजबूत धाग्याचा झोका बांधतात. दुसरा प्रकार कृत्रिम सांधा बसवण्याचा. त्यात हालचाल लवकर सुरू होते, पण सांधा निखळण्याची किंवा सैल होण्याची शक्यता असते. तिसरा प्रकार सांधा कायमचा जोडून टाकण्याचा. यात हाड जुळेपर्यंत मुळाशी अजिबात हालचाल करायची नसते आणि नंतरही तळवा टेबलावर पूर्ण सपाट टेकत नाही.

पुढे दिलेले आठवडे पहिल्या प्रकारासाठी आहेत. तुमच्या सर्जननं वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच खरा. आत काय शिवलंय आणि ते किती घट्ट आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

ऑपरेशनच्या आधीचा आठवडा

एका हातानं जगण्याची तालीम आधीच करा. दात घासणं, शौचाला जाणं, केस बांधणं, गोळ्यांची पट्टी फोडणं ही कामं एकदा फक्त दुसऱ्या हातानं करून बघा, म्हणजे कुठे अडतंय ते कळेल. बटणांऐवजी डोक्यातून घालायचे सैल बाहीचे कपडे आणि नाडीऐवजी इलॅस्टिकच्या पँट काढून ठेवा. पायात सरकवायच्या चपला हव्यात. साबण पंपाच्या बाटलीत घ्या. बरण्यांची आणि बाटल्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवा. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय चालू करा. त्या हातातल्या सगळ्या अंगठ्या आणि बांगड्या काढा, कारण सुजलेल्या बोटातली अंगठी कापून काढावी लागते. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर आत्ताच थांबवा. त्यानं जखम भरायला उशीर होतो आणि हाड जुळायला त्याहून जास्त. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच ऑपरेशनला जा.

पहिले दोन-तीन दिवस

हाताची नस बधीर करून ऑपरेशन झालं असेल तर साधारण १२ ते २४ तास हात लाकडासारखा वाटतो. इथे एक चूक सगळेच करतात. दुखत नाही म्हणून गोळी घेत नाहीत, मग मध्यरात्री बधिरता उतरते आणि कळ एकदम उसळते. बोटांना मुंग्या यायला लागल्या की बधिरता उतरू लागली असं समजा आणि लिहून दिलेली पहिली गोळी तेव्हाच घ्या. पुढचे दोन दिवस दुखण्याची वाट न बघता, सांगितलेल्या वेळेला गोळ्या घेत राहा. बधिर हाताला चटका बसला किंवा तो कुठे आपटला तरी कळत नाही, म्हणून तोवर गळ्यात अडकवलेल्या झोळीत ठेवा.

सूज ही या काळातली सगळ्यात मोठी अडचण. बसताना हात उशांवर असा ठेवा की हाताचा पंजा कोपराच्या वर आणि कोपर छातीच्या पातळीवर राहील. झोपताना शेजारी दोन उशा रचा. हात खाली लोंबकळू दिला की दहा मिनिटांत ठणका सुरू होतो. चालताना तो छातीशी धरा. झोळी बाहेर जाताना ठीक आहे, पण दिवसभर घालून बसलात तर आठवड्याभरात खांदा आखडतो आणि अंगठ्यापेक्षा खांद्याचंच दुखणं मोठं होऊन बसतं.

टाके निघेपर्यंत: अंगठा स्थिर, बाकी सगळं चालू

प्लास्टरमध्ये अंगठा आणि मनगट बंद असतं. चार बोटं मोकळी असतात आणि त्यांना आराम द्यायचा नसतो. जागेपणी दर तासाला हे करा:

१. चारही बोटं पूर्ण सरळ करा.
२. मधले आणि टोकाचे सांधे वाकवून आकडा करा. मुळाचे सांधे सरळच राहू द्या.
३. पूर्ण मूठ वळा, टोकं तळव्याला लागेपर्यंत.
४. पुन्हा सरळ करून फक्त मुळाच्या सांध्यातून काटकोनात वाकवा, टेबलासारखी.
५. तिथूनच बोटं सरळ ठेवून टोकं तळव्याच्या खालच्या भागाला टेकवा.

हा फेरा १० वेळा करायचा. दोन मिनिटांचंही काम नाही, पण बोटांच्या कंडरा आत चिकटून बसू नयेत यासाठी याहून चांगला उपाय नाही. मूठ वळताना बोटं जोरात आवळू नका, नुसती तिथपर्यंत पोचवा. सोबत कोपर वाकवणं-सरळ करणं आणि हात डोक्यावर नेणं दिवसातून चार वेळा, प्रत्येकी १० वेळा करा.

अंघोळीच्या वेळी प्लास्टरवर आधी टॉवेल गुंडाळा, मग प्लास्टिकची पिशवी चढवून वरच्या टोकाला चिकटपट्टी लावा आणि हात पाण्याच्या धारेबाहेर वर धरा. प्लास्टर ओलं झालंच तर घरी वाळवत बसू नका, दवाखान्यात जाऊन बदलून घ्या. आतली ओली पट्टी जखम पांढरी आणि मऊ पाडते. खाज आली म्हणून आत पट्टी किंवा सुई घालणं तर अजिबात नको.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. काहींच्या अंगठ्यात हाड धरून ठेवायला तार घातलेली असते. ती बहुधा चार ते सहा आठवड्यांनी निघते आणि तोवर मुळाचा सांधा हलवायचा नसतो.

स्प्लिंटचे आठवडे

टाके निघाल्यावर पुन्हा प्लास्टर किंवा स्प्लिंट, म्हणजे अंगठा स्थिर ठेवणारा काढता-घालता येणारा प्लास्टिकचा आधार, मिळतो. तो सहाव्या आठवड्यापर्यंत, रात्रीसकट, घालायचा असतो. स्प्लिंट बनवून घेताना तिथेच तीन गोष्टी तपासा. अंगठ्याच्या टोकाचं पेर मोकळेपणानं वाकतंय का? स्प्लिंटची वरची कड तळव्यावरच्या आडव्या रेषेच्या खाली थांबते का, म्हणजे पूर्ण मूठ वळता येते का? आणि अंगठा तळव्यापासून दूर, पेला धरल्यासारखा उभा आहे का? अंगठा तळव्याला चिकटून राहिला तर अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं आखडतं. ते पुन्हा उघडायला महिने जातात.

स्प्लिंट काढल्यावर त्वचेवर उमटलेला लाल डाग २० मिनिटांत गेला नाही, तर ती जागा दाबतेय. कड थेरपिस्टकडून बदलून घ्या, घरी कापू नका. हे प्लास्टिक उष्णतेनं मऊ होतं, म्हणून ते साध्या पाण्यानं धुवा आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

व्रण आणि बधिर चट्टा

जखम पूर्ण बंद झाली, खपली पडली आणि टाके काढून दोन-तीन दिवस झाले की व्रणाची मालीश सुरू करा. साधं वास नसलेलं क्रीम घ्या. दुसऱ्या हाताचं बोट व्रणावर टेकवा आणि नखाचा रंग थोडा पांढरा होईल इतका दाब द्या. मग बोट त्वचेवरून न घसरवता त्वचेलाच खालच्या थरावर गोल, आडवी आणि उभी सरकवा. एकावेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. नुसतं क्रीम चोळून काही साधत नाही. व्रण खालच्या कंडरेला चिकटू नये, हा हेतू आहे. मालीशनं जखम उघडल्यासारखी दिसली किंवा ओलावा आला तर थांबा.

अंगठ्याच्या मागच्या बाजूला बधिर पट्टा, मुंग्या किंवा विजेसारखी कळ जाणवते, ती बहुधा कापलेल्या जागेजवळून जाणाऱ्या वरवरच्या नसेची. ऑपरेशनच्या वेळी ही नस बाजूला ओढून धरावी लागते आणि ती रुसते. बहुतेकांची काही आठवड्यांत ते महिन्यांत शांत होते. तिला सवय लावायचा मार्ग असा: आधी कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल, मग खरखरीत लोकर, याच क्रमानं त्या जागेवरून दोन-दोन मिनिटं फिरवा. एक कापड त्रासदायक वाटेनासं झालं की पुढचं घ्या. स्पर्श नको वाटतो म्हणून ती जागा जपत राहिलात तर ती आणखी हळवी होते.

हालचाल परत आणणं

बहुतेक ठिकाणी चौथ्या ते सहाव्या आठवड्यात मुळाच्या सांध्याची हालचाल सुरू करतात. स्प्लिंट दिवसातून चार ते सहा वेळा काढायचा, व्यायाम करायचा आणि परत घालायचा. जखम पूर्ण भरलेली असेल तर आधी पाच ते दहा मिनिटं हात कोमट पाण्यात बुडवून ठेवा. आखडलेला हात लवकर सैलावतो.

पेल्याची मुद्रा. हात करंगळीच्या कडेवर टेबलावर उभा ठेवा. अंगठा तळव्यासमोर पुढे न्या, जणू पेला धरायचा आहे. पाच सेकंद थांबा, सैल सोडा. १० वेळा. सगळ्यांत महत्त्वाचा व्यायाम हाच, आणि चुकतो तोही हाच. मूळ आखडलेलं असल्यानं अंगठा मधल्या सांध्यातून मागे वळतो. हात उघडलेला दिसतो, पण मुळाशी काहीच हललेलं नसतं. असं महिनोन्‌महिने झालं तर अंगठा कायमचा तिरका, नागमोडी होतो. म्हणून आरशासमोर करा. अंगठ्याची बाहेरची कड गोलसर दिसली पाहिजे. मधला सांधा आत खचत असेल तर दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याला मागून आधार द्या आणि हालचाल कमी झाली तरी चालेल असं समजा.

बोटांना भेट. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला लावा, मधे गोल ओ दिसला पाहिजे, बदकाच्या चोचीसारखं चपटं नको. मग मधलं बोट, मग अनामिका, मग करंगळी. टोक टेकलं की झालं, दाबायचं नाही. पहिल्या दिवशी अनामिकेपर्यंतच पोचलात तर तिथेच थांबा. करंगळीच्या मुळापर्यंत अंगठा ओढून नेण्याची चढाओढ आठव्या आठवड्याआधी नको. त्या टोकाच्या स्थितीत नव्या आधारावर सगळ्यात जास्त ताण येतो.

पेरांचे व्यायाम. दुसऱ्या हातानं अंगठ्याचं खालचं पेर धरून फक्त टोकाचा सांधा वाकवा आणि सरळ करा. मग मुळाचं हाड धरून मधला सांधा. प्रत्येकी १० वेळा.

मनगट. हात टेबलाच्या कडेबाहेर काढून पंजा वर-खाली, मग दोन्ही बाजूंना, १० वेळा. कोपर अंगाशी ठेवून तळवा छताकडे आणि जमिनीकडे फिरवणं यातच धरा. कंडरा मनगटाच्या पुढच्या बाजूची घेतली असेल तर हाताच्या आतल्या बाजूला वर कुठेतरी ओढल्यासारखं किंवा छोटी गाठ आल्यासारखं वाटतं. मोकळा झालेला स्नायू वर सरकल्यानं तसं होतं. ते निवतं. तोवर मनगट वजन धरून वाकवू नका.

तळवा टेबलावर दाबून सपाट करणं आणि दुसऱ्या हातानं अंगठा खेचणं या दोन्ही गोष्टी या टप्प्यावर वर्ज्य आहेत. ताणाचं मोजमाप साधं आहे. व्यायामात दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ नये आणि तासाभरात शमावं. दुसऱ्या दिवशी सकाळी हात आदल्या दिवसापेक्षा सुजलेला असेल तर संख्या निम्मी करा, व्यायाम बंद करू नका. थोडा थोडा, अनेक वेळा केलेला व्यायाम लागू पडतो. एकदाच अर्धा तास झटून केलेला हात सुजवतो.

राहिलेली सूज उतरवायला बोटांच्या टोकाकडून मनगटाकडे, एकाच दिशेनं, हलक्या हातानं निथळल्यासारखी मालीश करा. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. बधिर जागेवर बर्फ ठेवू नका, चटका बसलेला कळत नाही.

जोर कधी आणि कसा

आठव्या आठवड्याच्या आसपास, सर्जननं हिरवा कंदील दाखवल्यावर, न हलवता जोर लावण्यापासून सुरुवात होते. पेल्याची मुद्रा धरा, अंगठ्याच्या बाहेरच्या कडेला दुसऱ्या हाताचं बोट टेकवा आणि अंगठ्यानं त्याला हलकेच ढकला. आपल्या पूर्ण ताकदीच्या एक चतुर्थांश पुरे. पाच सेकंद, १० वेळा, दिवसातून तीनदा.

यासोबत तर्जनीच्या बाजूचा, बेचक्यातला स्नायू बळकट करा. तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती मऊ रबरबँड घाला आणि तर्जनी अंगठ्याच्या दिशेला बाजूला न्या. हा स्नायू अंगठ्याचं मूळ जागेवर धरून ठेवायला मदत करतो. अंगठा स्वतः दाबत नसल्यामुळे मुळावर फारसा भारही येत नाही. लोक या व्यायामाकडे दुर्लक्ष करतात, खरं तर चिमटीचा पाया तोच घालतो.

मग पूर्ण मुठीनं मऊ स्पंज किंवा थेरपीची सगळ्यात मऊ पुटी, म्हणजे व्यायामासाठीचा मळलेल्या कणकेसारखा गोळा, दाबा. टेनिसचा चेंडू फार कडक असतो, तो घेऊ नका. चिमटीचा सराव दहा ते बारा आठवड्यांनंतरच. आधी टोकाला टोक, गोल ओ राखून. किल्ली फिरवताना अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबतो, ती बाजूची चिमूट सगळ्यात शेवटी. दाबताना मधला सांधा मागे मोडला, की तेवढा जोर अजून तुमच्यासाठी जास्त आहे.

रोजची कामं

पहिल्या सहा आठवड्यांत स्प्लिंट घालून कागद धरणं किंवा कीबोर्डवर बोटांनी टाइप करणं चालतं. टेबलावरच्या कामाला बरेच जण दोन ते चार आठवड्यांत लागतात. गाडी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, तीही स्प्लिंटशिवाय दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून अचानक वळवता आलं तरच. जड उचलणं, पिळणं, घट्ट झाकणं उघडणं हे तीन महिन्यांनंतर. अंगमेहनतीचं काम असेल तर तीन ते सहा महिने धरून चाला.

कपडे पिळण्याऐवजी दोन्ही तळव्यांमध्ये दाबून पाणी काढा. पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवा. ताट एका हाताच्या चिमटीत न धरता दोन्ही तळव्यांवर घ्या. पेन, चमचा, टूथब्रशच्या दांड्याला फोमची नळी चढवून तो जाड करा. दांडा जाड झाला की तेवढंच धरायला अंगठा कमी आवळावा लागतो. फोनवर त्या अंगठ्यानं टाइप करणं मात्र लांबणीवर टाका. त्यात जोर नसला तरी शेकडो वेळा तीच हालचाल होते.

सहाव्या ते दहाव्या आठवड्यात मन खचण्याची वेळ येते. प्लास्टर गेलेलं असतं, पण हात कमजोर, सकाळी आखडलेला आणि आधीपेक्षा वाईट वाटतो. हा टप्पा नेहमीचा आहे. दुखणं तीन ते सहा महिन्यांत बरंचसं ओसरतं आणि चिमटीची ताकद वर्षभर वाढत राहते. अंगठा किंचित आखूड झालेला दिसेल. हाड काढल्यावर तो थोडा खाली बसतो, त्यानं कामात सहसा अडत नाही.

कधी थांबायचं नाही, लगेच जायचं

प्लास्टरमधली बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली, बधिरता वाढली, बोटं हळूच सरळ केली तरी असह्य कळ आली किंवा हात वर धरूनही ठणक्यात तासाभरात फरक पडला नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. प्लास्टर सैल करावं लागतं. जखमेतून पू, पसरत जाणारी लाली, ताप, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं ही संसर्गाची लक्षणं आहेत, त्याच दिवशी दाखवा. अंगठ्यात खट्‌ असा आवाज होऊन आकार बदलला किंवा अंगठा एकदम निकामी झाला, तर स्प्लिंट घालून सर्जनला भेटा.

एक गोष्ट हळूहळू येते, म्हणून निसटते. ऑपरेशनच्या मानानं खूपच जास्त जळजळीत दुखणं, नुसत्या कपड्याच्या स्पर्शानं कळ, हात कधी लालबुंद तर कधी निळसर, दुसऱ्या हातापेक्षा गरम किंवा गार, त्वचा चकाकणारी, घाम वेगळा, आणि फक्त अंगठाच नाही तर सगळीच बोटं ताठ. वेदनेची यंत्रणाच बिघडल्याचं हे लक्षण असू शकतं. लवकर ओळखलं तर उपचारांना चांगला प्रतिसाद मिळतो. "ऑपरेशन झालंय, दुखणारच" असं म्हणत पुढच्या तपासणीची वाट बघू नका, फोन करून आधीची वेळ मागा आणि ही सगळी लक्षणं एकेक करून सांगा.

आणि दुसरा अंगठा. हा आजार बरेचदा दोन्ही हातांत असतो आणि हे तीन महिने सगळा भार त्याच एका अंगठ्यावर येतो. त्याचं मूळ दुखू लागलं तर कामाच्या वेळी मऊ आधारपट्टा घाला, वरच्या जाड दांड्यांच्या युक्त्या त्यालाही लावा आणि पुढच्या भेटीत दोन्ही हात डॉक्टरांसमोर ठेवा.